वेळेवर येणारा पाहुणा

आमच्या आहिहिक गावात दोन तऱ्हेची माणसं राहतात. एक आम्ही आणि दुसरे ग्रिंगो, म्हणजे उत्तरेकडून पेन्शन घेऊन तळ्याकाठी राहायला आलेले गोरे म्हातारे. त्यांत अमेरिकन असतात, तसे कॅनडियनही असतात. कॅनडियनाला ग्रिंगो म्हटलं की तो दुखावतो, म्हणून आम्ही त्याला आवर्जून ग्रिंगोच म्हणतो.

मी रोसेंदो, चौकामागच्या गल्लीतला न्हावी. तरुणपणी आठ वर्षं कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडले, त्यामुळे इंग्रजी येतं. साहजिकच गावातल्या निम्म्या ग्रिंगोंची डोकी माझ्या हाताखालून जातात, आणि डोक्यात काय चाललंय तेही मला कळतं. बहुतेकांच्या डोक्यात गुडघेदुखी, कुत्रा आणि सरकार एवढंच असतं. डॉन वेंडेल फ्रीझन यांच्या डोक्यात मात्र घड्याळ होतं. (आमच्याकडे डॉन म्हणजे वयाचा मान. पिस्तूल वगैरे काही नसतं.)

विनिपेग म्हणून कॅनडात एक शहर आहे. तिथं सहा महिने बर्फ असतो आणि उरलेले सहा महिने लोक बर्फाबद्दल बोलतात, असं डॉन वेंडेलच सांगायचे. त्या शहराच्या बसगाड्यांचं वेळापत्रक त्यांनी चौतीस वर्षं बसवलं. कुठल्या थांब्यावर कुठली बस किती वाजून किती मिनिटांनी येणार, हे कागदावर लिहायचं आणि ती खरोखर आली नाही तर रात्रभर तळमळायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर बायकोला, आर्डिसबाईंना, थंडी सोसेना म्हणून दोघं इथं आले. चार वर्षांनी आर्डिसबाई गेल्या. आमच्याच दफनभूमीत आहेत, तळं दिसतं अशा बाजूला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस परत जाईल. ते गेले नाहीत. सदऱ्याला इस्त्री करून, मनगटावर घड्याळ बांधून ते तसेच गल्लीतून चालत राहिले.

आता आमच्या गावात वेळ कशी असते ते सांगायला हवं. बोलावणं पाचचं असलं, तर पाचला यजमान आंघोळीला जातो. सहाला बटाटे उकडायला टाकतात. सातला जवळचे पाहुणे येतात, आठला लांबचे, आणि बँड त्याला वाटेल तेव्हा. पत्रिकेवर पाच लिहायचं ते एवढ्यासाठी, की सकाळी येऊ नका हे लोकांना कळावं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या पोटातून बाहेर पडतानाच आम्ही दोन आठवडे उशिरा पडतो.

डॉन वेंडेलना पहिलं बोलावणं आलं ते दोन्या क्लेमेंसियाच्या नातीच्या पंधराव्या वाढदिवसाचं; मुलीचा पंधरावा आमच्याकडे लग्नासारखा करतात. दोन्या म्हणजे बाईमाणसाचं डॉन; ही दोन्या आमच्या गल्लीत तोर्तियाचं दुकान चालवते. मक्याच्या पोळ्या तिच्या आणि जीभही तिचीच, दोन्ही गरम. जेवण सहाला होतं. डॉन वेंडेल सहाला दोन मिनिटं कमी असताना टाय बांधून, हातात चकचकीत कागदात गुंडाळलेली भेट घेऊन दारात उभे. दार उघडलं दोन्या क्लेमेंसियानं. अंगात परकर, केसांना चौदा गुंडाळ्या आणि हातात अर्धवट सोललेली कोंबडी. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी कोंबडीकडे पाहिलं. परत पाठवणं शोभत नाही, म्हणून तिनं त्यांना अंगणात बसवलं.

अंगणात बियर कंपनीच्या पत्र्याच्या घडीच्या खुर्च्यांची चवड पडलेली. चौतीस वर्षं ज्यानं सगळं ओळीत लावलं, त्याला चवड बघवेल कशी? अर्ध्या तासानं दोन्या क्लेमेंसिया बाहेर आली तेव्हा ऐंशी खुर्च्या सुतळी धरून सरळ ओळींत मांडलेल्या होत्या. मग तिनं काही न बोलता त्यांच्या हातात सुरी आणि दोन किलो कांदा दिला. आठ वाजता आम्ही पोचलो तेव्हा टाय खांद्यावर टाकून हा माणूस रडत होता. आम्हाला वाटलं, बायकोची आठवण आली असेल.

इथपर्यंत ठीक होतं. पुढची चूक मात्र ग्रिंगोच करू जाणे. डॉन वेंडेलनी घरी जाऊन विचार केला आणि त्यांना पटलं, की हा इथला रिवाज असणार. पाहुण्यानं आधी जाऊन खुर्च्या लावायच्या, कांदा चिरायचा. केवढा मोठा मान. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रिंगोंच्या क्लबात हे सगळ्यांना समजावून सांगितलं, बहुधा फळ्यावर लिहूनही दाखवलं. झालं. त्या हिवाळ्यात गावात कुठंही बाप्तिस्मा असो, लग्न असो, पत्रिकेवरच्या वेळेला इस्त्रीचे सदरे घातलेले म्हातारे रांगेनं दारात हजर. फिदेन्सियो कोळ्याच्या पुतण्याच्या बाप्तिस्म्याला सव्वीस खुर्च्या होत्या आणि लावायला एकोणीस ग्रिंगो. एका खुर्चीवरून दोन निवृत्त दंतवैद्यांची चांगलीच जुंपली, आणि फिदेन्सियोची बायको न्हाणीघरात अडकून पडली ती पडलीच. बाहेर एकोणीस गोरे, जाणार कुठून?

हळूहळू बाकीचे शहाणे झाले. डॉन वेंडेल झाले नाहीत. खरा प्रकार त्यांना पुढं कळला, मीच सांगितला. ते म्हणाले, की कळलं, पण खुर्च्या कुणीतरी लावायलाच हव्यात ना. अशी अकरा वर्षं गेली. गावात पद्धतच पडली. यजमानीण विचारायची, वेंडेल आले का? आले म्हटलं की ती आंघोळीला जायची.

गेल्या मार्चमध्ये ते न्हाणीघरात घसरले. भुवई फुटली, बाकी काही नाही. मी तुरटी लावून पट्टी बांधली. पण दर रविवारी त्यांच्या मुलीचा फोन यायचा, आणि खोटं बोलायची या माणसाला सवय नाही. भुवई फुटल्याचं त्यांनी तिलाही सांगितलं, अमुक वाजून अमुक मिनिटांनी म्हणून.

मुलगी मार्ला. विनिपेगला शाळेत मुख्याध्यापिका. तिनं तिकडं वृद्धाश्रमात खोली बघितली. खाटेजवळ घंटीचं बटण, दारात लिफ्ट, खिडकीतून बस थांबा दिसतो. नोव्हेंबरात ती न्यायला येणार होती, परतीची दोन तिकिटं काढून.

हे त्यांनी मला सांगितलं ते माझ्या खुर्चीत बसून, तोंडाला साबण लावलेला असताना. वस्तरा चालू असताना माणसं खरं बोलतात.

"रोसेंदो, मला जायचं नाही," ते म्हणाले. "पण तिला सांगता येत नाही. मी एकटा पडलोय असं तिला वाटतं. आणि ती म्हणते ते कागदावर बरोबरच आहे."

मी म्हटलं, हलू नका, कापेल.

तोडगा त्यांनीच काढला. मुलगी येणार त्याच दिवशी त्यांना ऐंशी पुरी होत होती. त्यांनी जेवण ठेवलं. सगळ्या गल्लीला, फिदेन्सियोच्या होड्यांवरच्या कोळ्यांना, बँडवाल्यांना, सगळ्यांना छापील पत्रिका. वेळ दुपारी दोन. घर भरलेलं एकदा तिनं डोळ्यांनी बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पत्रिका हातात पडली त्याच संध्याकाळी दोन्या क्लेमेंसियानं दुकानात आम्हाला गोळा केलं.

"त्या पोरीनं दोन वाजता येऊन रिकाम्या खुर्च्या बघितल्या, तर ती तिथल्या तिथं बापाला उचलून नेईल," ती म्हणाली. "या वेळी दोन म्हणजे दोन."

फिदेन्सियोनं विचारलं, "दोन म्हणजे, चारच्या आधीचे?"

"एकच्या नंतरचे, गाढवा."

बँडचा पुढारी म्हणाला, की बँडच्या इतिहासात असं झालेलं नाही. दोन्यानं त्याला सांगितलं, की मग या गल्लीत तुझ्या घरी तोर्तिया कशा येतात ते मी बघते. त्यावर इतिहास बदलायला तो तयार झाला.

वेळ पाळायची कशी हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. उशीर नको या भीतीनं काही जण बारालाच आले आणि चर्चच्या भिंतीमागं लपून बसले. एक वाजेपर्यंत तिथं त्रेचाळीस माणसं, तीन पातेली, एक केक आणि एक भलामोठा ढोल जमला होता. केकवरचं साय-साखरेचं नक्षीकाम उन्हानं खाली सरकायला लागलं. दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, झाले का दोन? शेवटी घंटा वाजली आणि आम्ही निघालो. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर निघालेली माणसं कशी चालतात ते बघायला हवं होतं. सगळ्यांच्या माना ताठ.

दार मार्लानं उघडलं. उंच, राखाडी केसांची बाई, खांद्यावर अजून प्रवासाची पिशवी. विमानतळावरून येऊन तिला दहा मिनिटंही झाली नव्हती. तिच्या मागं अंगणात खुर्च्यांची चवड भिंतीला टेकलेली, टेबल उघडं, चूल थंड. आणि न्हाणीघरातून डॉन वेंडेल मोठ्यानं भजन गात होते.

आम्ही दारात थिजलो. तयारी नसलेल्या घरात पाहुणा म्हणून आम्ही कधी शिरलोच नव्हतो. अशा वेळी काय करतात, कुठं बघतात, कुणालाच माहीत नाही. भजन थांबलं. दार किलकिलं झालं आणि साबणानं माखलेलं डोकं बाहेर आलं. मग त्यांना त्रेचाळीस माणसं दिसली.

"वेंडेल," दोन्या क्लेमेंसिया म्हणाली, "दोन वाजलेत."

"दोन लिहिलं म्हणून काय दोनला यायचं?" डॉन वेंडेल कळवळून म्हणाले. "मी चारसाठी दोन लिहिलं होतं. अकरा वर्षं मला तेच शिकवलंत ना?"

मग फिदेन्सियो असा काही हसायला लागला की त्याला पातेलं खाली ठेवावं लागलं. हसता हसता सगळे भिंतीला टेकले. मार्लाला मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिच्या ओठांचा कोपरा थोडा हलला, पण थोडाच.

मग उरलं ते काम आम्ही केलं. बँडवाल्यांनी खुर्च्या लावल्या, त्या इतक्या वाकड्या, की टॉवेल गुंडाळून खोलीकडं चाललेले डॉन वेंडेल वाटेत थांबून पहिली ओळ सरळ करायला लागले. दोन्यानं त्यांना ओरडून आत पाठवलं. मी कांदा चिरला. मार्ला थोडा वेळ उभी राहिली, मग तिनं पिशवी उतरवून दुसरी सुरी घेतली. ती कांदा मोजून चिरत होती, सगळे तुकडे सारखे. रक्त बापाचंच.

जेवण झक्क झालं. पोसोले, म्हणजे मका आणि डुकराच्या मांसाचा रस्सा, झालं, तळ्यातले तळलेले बारके मासे झाले, फिदेन्सियोनं आणलेली टकीला झाली. डॉन वेंडेलनी आयुष्यात दोन पेले घेतले नव्हते, ते त्यांनी त्या दिवशी घेतले, आणि तिसरा कोणी दिला याची चौकशी अजून चालू आहे. दोन्या क्लेमेंसियाबरोबर ते नाचले. घड्याळ त्यांनी स्वतःहून काढून खिशात टाकलं. मला वाटलं, जिंकलो.

ऊन उतरल्यावर मार्ला माझ्याजवळ येऊन बसली.

"तुम्ही सगळे फार चांगले आहात," ती म्हणाली. "मला ते दिसतंय. पण जेवणाला माणसं विनिपेगलाही येतात. बाबा मंगळवारी सकाळी न्हाणीघरात पडले, तर तिथं कोण असेल? तिथं बटण आहे. इथं काय आहे?"

मला राग आला. असा राग आला, की तोंडात चार शब्द आले होते. पण बटण आमच्याकडे खरोखरच नाही. मी उठून खुर्च्या मिटायला लागलो. परवाच्या विमानाची दोन्ही तिकिटं तिच्या पिशवीत होती, आणि ती चुकीचं बोलत नव्हती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक बसलं, मी साबण लावला, एक गाल केला. आणि हात थांबला. काहीतरी राहिलंय असं वाटायला लागलं. माझ्या दुकानात घड्याळ नाही. पण रोज पहिला गाल संपता संपता डॉन वेंडेल दारावरून जातात आणि टोपी उचलतात. टोपी उचललेली मी पाहिली नव्हती.

गिऱ्हाइकाला म्हटलं, आलोच. तोही उठला, गळ्यात फडकं, अर्ध्या चेहऱ्यावर साबण, आणि माझ्यामागं चालायला लागला.

आम्ही पोचलो तर दारात दोन्या क्लेमेंसिया उभी. चाळीस वर्षांत तिनं कुणाला तोर्तिया घरपोच दिलेल्या नाहीत, पाद्र्यालासुद्धा नाही. आज त्यांच्या रोजच्या सहा फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. तिच्या आधी फिदेन्सियो आला होता. धक्क्यावरच्या बाकावर डॉन वेंडेल आले नाहीत म्हणून होडी तशीच बांधून, ओले पाय घेऊन. वर्तमानपत्रवाला होता. चर्चचा झाडूवाला झाडूसकट होता. आणि कुणीही दार वाजवत नव्हतं. वाजवलं आणि आतून आवाज आला नाही तर, हे प्रत्येकाच्या मनात होतं.

दार आतूनच उघडलं. मार्ला हातात कॉफीचा कप घेऊन उभी. तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

फिदेन्सियो टोपी काढून म्हणाला, की काल पातेलं राहिलं होतं. दोन्या म्हणाली, की तोर्तिया उरल्या होत्या. सकाळी सातला तोर्तिया उरत नाहीत, तेव्हा तर लागतात. झाडूवाला म्हणाला, की तो सहज. मी म्हटलं, की काल त्यांच्या मिशीची एक बाजू जरा जास्त राहिली असं वाटलं.

मी हे भाषांतर करून सांगत होतो तेव्हाच आतून घोरण्याचा आवाज आला. खणखणीत, टकीलाचा. दोन्या क्लेमेंसियानं छातीवर क्रूस काढला. फिदेन्सियो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पण गेलं कुणीच नाही.

मार्लानं मला विचारलं, "ते रोज किती वाजता निघतात?"

"सात वाजून दहा."

तिनं मनगटाकडे पाहिलं. सात पस्तीस झाले होते. ती किती तरी वेळ घड्याळाकडेच बघत राहिली.

"मी रविवारी फोन करते," ती म्हणाली. "दर रविवारी, न चुकता. म्हणजे सोमवारी काही झालं असतं, तर मला सहा दिवसांनी कळलं असतं." तिचा आवाज तुटला. "मला वाटायचं, मी फार नियमित आहे."

मी ते दोन्या क्लेमेंसियाला सांगितलं. दोन्या पुढं झाली, तोर्तिया तिच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "पोरी, आम्हाला घड्याळ कळत नाही. आम्हाला वेंडेल कळतात."

तेवढ्यात डॉन वेंडेल आतून आले. गालावर उशीची वळी, सदऱ्याची गुंडी चुकलेली. त्यांनी आम्हाला पाहिलं, खिशातून घड्याळ काढलं, आणि त्यांचा चेहराच पडला. आम्हा सगळ्यांची त्यांनी माफी मागितली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, पंचवीस मिनिटं, अक्षम्य आहे, म्हणाले.

मार्लानं डोळे पुसले. आणि मग, मुख्याध्यापिका ती, आमच्याकडेच वळली.

"पंचवीस मिनिटं फार होतात," ती मला म्हणाली. "यांना सांगा. पुढच्या वेळी पाचच्या वर थांबायचं नाही, आणि दार वाजवायचं. माझ्याकडे किल्ली आहे ती मी तुमच्यापाशी ठेवून जाते. मला जाताना एकच तिकीट लागेल."

मी सांगितलं. पाच मिनिटं म्हणजे नक्की किती, असं फिदेन्सियोनं हळूच विचारलं. दोन्यानं त्याला कोपर मारलं, आणि आम्ही सगळ्यांनी शाळेतल्यासारख्या माना हलवल्या.